शांत होईपर्यंत

१

नोरीन ट्रेगेन्झाचं प्रेत मला सापडलं. धुलाईखोलीच्या फरशीवर ती पालथी पडली होती, गाल फरशीला चिकटलेला, एक बूट निघून ड्रायरखाली गेलेला. डोक्यावरचे केस मुठीमुठीनं उपटलेले होते आणि मधूनमधून गुलाबी चामडी उघडी पडली होती. ड्रायर चालूच होता. आतल्या कपड्यांची बटणं पत्र्यावर खडखड आपटत होती.

आणि कोपऱ्यात, टोपल्यांच्या मागं, मार्नी बसली होती. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी कान गच्च दाबलेले. तिच्या उजव्या हाताच्या बोटांतून नोरीनचे करडे केस लोंबत होते.

मार्नी पंधरा वर्षांची. माझ्याहून वीतभर उंच, आणि मी, लेसिएली, काही लहानखुरी नाही, टोंगा बेटांवरची आहे. मार्नी बोलत नाही. आनंदात असली की घशातल्या घशात गुणगुणते, आणि डोकं फिरलं की समोर येईल त्याचे केस धरते. आमच्या आधीच्या एका बाईचं नाक तिनं भिंतीवर आपटून फोडलं होतं. माझ्या दंडावर तिच्या दातांची खूण आहे, ती आता जायची नाही. तरी ती माझी लाडकी.

मी ड्रायर बंद केला आणि ओरडले. ग्लेंडा धावत आली, तिच्यामागून रीस. ग्लेंडानं गुडघे टेकले, नोरीनच्या मानेला बोटं लावली. मग तिनं कोपऱ्यात पाहिलं.

"देवा रे," ती म्हणाली. "मार्नी, हे काय करून बसलीस ग पोरी?"

२

आमचं घर म्हणजे आखाताकाठच्या पोलाद कारखान्याच्या गावातलं एक बैठं घर. अंगणात लाल धूळ, मागं खाऱ्या झुडपांचं माळरान. ज्यांची वाढ वेगळी झाली आहे अशी मुलं इथं राहतात. कुणी आठवडाभर, कुणी मार्नीसारखं कायमचं. ग्लेंडा हॉस्किंगनं हे घर उभं केलं. साठी उलटलेली, सडपातळ, पांढऱ्या केसांचा नीट बांधलेला अंबाडा, आणि सगळ्या जगाला "पोरी" नाहीतर "पोरा" म्हणणारी. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासत होते, तिथून तिनं मला उचललं. "तुझं हसू मुलांना चालेल," एवढीच तिची परीक्षा.

ग्लेंडाच्या हाताला गुण होता. मार्नी पेटली की आम्ही दाराशी उभे, घामाघूम, ओरबाडलेले, आणि ग्लेंडा शांतपणे म्हणायची, "जा तुम्ही सगळे बाहेर. मी बघते." दार लावून घ्यायची. थोड्या वेळानं मार्नी बाहेर यायची ती मेंढरासारखी. पाय ओढत, डोळे लालभडक. रडून लाल झाले, असं आम्ही म्हणायचो.

नोरीन ॲडलेडहून आली होती. नवा नियम निघाला होता: अशा मुलांना हात लावणाऱ्या प्रत्येकाची पात्रता पुन्हा तपासायची. नुसते कागद नाहीत, हातसुद्धा. मूल अंगावर आलं तर काय करायचं, चावलं तर काय, केस धरले तर काय, हे ती शिकवायची आणि मग परीक्षा घ्यायची. नापास झाला तो मुलांपासून लांब. पहिल्याच दिवशी तिचं आणि माझं वाजलं. मार्नीला जेटीवर एकटीनं न्यायचं नाही, असं ती म्हणाली, आणि मी सगळ्यांदेखत आवाज चढवला. "तू शहरात जाऊन कुत्र्यांना शिकव," असंही म्हणाले. ते पोलिसांना सांगायला रीस विसरला नाही.

सार्जंट डेस्पिना व्लाहोस आल्या त्या भोपळ्याच्या भाजलेल्या बिया चावत. बुटक्या, रुंद, पन्नाशीच्या. एक गुडघा दुखरा. त्यांच्यामागं व्हिटफर्ड नावाचा उंच कॉन्स्टेबल.

पोलिसांच्या डॉक्टरांनी प्रेत उताणं केलं, नोरीनच्या पापण्या वर करून पाहिल्या. डोळ्यांच्या पांढऱ्यात टाचणीएवढे लाल ठिपके होते. मग त्यांनी उपटलेल्या जागेवर बोट फिरवून सार्जंटना दाखवलं. बोट कोरडं होतं.

"मुलीला ॲडलेडला हलवायची व्यवस्था झालीये," ग्लेंडा डोळे पुसत म्हणाली. "गाडी निघालीसुद्धा. बंद वॉर्ड आहे. झोपेचं इंजेक्शन देऊनच नेतील. तिचा दोष नाही हो, सार्जंट. तिला कळत नाही."

"बंद वॉर्डातून परत कधी?" मी विचारलं.

ग्लेंडानं रुमालाची घडी घातली.

सार्जंटनी बियांची टरफलं रुमालात थुंकली. "गाडी येईल तेव्हा येऊ दे," त्या म्हणाल्या. "तोवर मला या घरातल्या तिघांशी बोलायचंय. कारण ह्या बाईचे केस उपटले तेव्हा ती मेलेली होती. जिवंत माणसाच्या डोक्यातून रक्त येतं."

३

त्या सकाळी घरात आम्ही तिघंच मोठी माणसं होतो. बाकीची मुलं शाळेच्या बसनं गेली होती.

सार्जंटनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि माझ्याच हातचा चहा माझ्यापुढं सरकवला.

"तू नोरीनला शिव्या दिल्यास."

"दिल्या. तिनं पण दिल्या. मग काल संध्याकाळी आम्ही जेटीवर मासे तळून खाल्ले. ती, मी आणि मार्नी. तिला फक्त आणखी एक माणूस बरोबर हवं होतं, म्हणून ती स्वतःच आली."

"मार्नी धुलाईखोलीत जाते?"

"ड्रायर चालू असेल तर नाही. त्या आवाजानं ती अंगणाबाहेर पळते. एकदा तर कुंपण तोडून पळाली होती."

"मग आज गेली कशी?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तिथं ती आपणहून जाणं शक्यच नव्हतं. तिला कुणीतरी आत ढकललं होतं.

"नोरीननं काल मार्नीबद्दल काही विचारलं?" सार्जंटनी पुढं विचारलं.

"मासे खाताना तिचे हात बघत होती. मनगटावर डाग आहेत ना, काळेनिळे. मी म्हटलं, ती स्वतःच चावते. नोरीन म्हणाली, दातांचे डाग असे नसतात."

नंतर रीसला आत बोलावलं. रीस म्हणजे आमचा वर्तनतज्ज्ञ. मऊ आवाज, तलम शर्ट, विद्यापीठाची मोठी पदवी. कोणत्या मुलाला कशानं राग येतो ते तो लिहून काढायचा. हात मात्र कधी कुणाला लावायचा नाही. पाठ दुखते म्हणायचा. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काल तुझं नोरीनशी काय झालं?"

"काही नाही. चर्चा."

"चर्चा झाल्यावर तू गाडीत बसून रडत होतास. शेजारच्या बाईंनी पाहिलं."

रीसनं शर्टाची बाही नीट केली. मग म्हणाला, "मला वकील हवा."

ग्लेंडाशी सार्जंट बाहेर ओसरीवर बोलल्या. ग्लेंडा म्हणाली, नोरीन हुशार होती, तिच्याशी आपलं छान जमलं होतं. सकाळी आपण ऑफिसात होतो. ड्रायर कुणी लावला, माहीत नाही.

"तुमची परीक्षा झाली?" सार्जंटनी विचारलं.

ग्लेंडा हसली. "माझी? अहो, नोरीन जन्मली नव्हती तेव्हा मी हे काम शिकले. सरकारी संस्थेत, दोन वर्षं. वर्गात पहिली आले होते मी."

फाटकाबाहेर गाडीचे ब्रेक लागल्याचा आवाज झाला. पांढरी गाडी, मागं जाळी, आत दोन माणसं. एकाच्या हातात इंजेक्शनचा डबा होता.

४

"व्हिटफर्ड, त्यांना अंगणात थांबव आणि ये," सार्जंट म्हणाल्या. "आणि ऐक. आता हॉलमध्ये जे होईल त्यात तू पडायचं नाहीस. मी हातानं फरशीवर थापा मारल्या, तरच."

हॉलमध्ये नोरीननं सरावासाठी पसरलेल्या निळ्या गाद्या तशाच होत्या. सार्जंटनी पहिल्यांदा मला बोलावलं. दुसऱ्या बाजूच्या खोलीत मार्नी होती. भिंतीला डोकं आपटत होती, धप्, धप्.

"जेटीवर कुठले मासे होते?" सार्जंटनी विचारलं.

"कुठले म्हणजे, गारफिश—"

पुढचा शब्द तोंडातच राहिला. त्या बुटक्या बाईनं माझ्यावर झेप घेतली आणि दोन्ही मुठींत माझे केस धरून असा हिसडा दिला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. माझे हात आपोआप वर गेले. तिच्या मुठी मी माझ्याच डोक्यावर घट्ट दाबून धरल्या, म्हणजे केस ओढले जात नाहीत. वाकले, तिच्या जवळ सरकले, आणि काही न बोलता उभी राहिले. दुखत होतं, पण ओढ थांबली.

सार्जंटनी मुठी सोडल्या. "हे कुणी शिकवलं?"

"नोरीननं. काल आणि परवा. हजारदा करून घेतलं माझ्याकडून, दमडीची दया नाही दाखवली." आणि मला एकदम रडू फुटलं.

"खाली पाडायला शिकवलं? जमिनीवर दाबून धरायला?"

"छे! ते तर अजिबात करायचं नाही. पालथं पाडून पाठीवर वजन दिलं की मूल मरतं, असं तिनं पहिल्याच तासाला सांगितलं. कुठल्याच शिक्षणात आता ते नसतं."

"आता," सार्जंट पुटपुटल्या. "त्या बाकावर बस. तिथून हलायचं नाही. तुला काय दिसतं ते मला नंतर हवंय."

मग रीस आला. "वकील येईपर्यंत मी बोलणार नाही," तो म्हणाला.

"नको बोलूस," म्हणत सार्जंटनी त्याचे केस धरले.

रीस किंचाळला. हात वेडेवाकडे फेकले, एक सणसणीत चपराक सार्जंटच्या कानाखाली बसली, नखं गालावर ओढली गेली. सुटण्यासाठी तो मागं ओढत राहिला आणि त्यानं स्वतःचेच केस उपटून घेतले. शेवटी पाय घसरून गादीवर पडला, डोकं हातांनी झाकून, गुडघे पोटाशी. त्याच्या कपाळावरून रक्ताची धार निघाली होती.

"मारू नका! सांगतो!" तो रडत होता. "माझी पदवी खोटी आहे. मी कुठंच शिकलो नाही. पुस्तकं वाचली, बस्स. नोरीननं मला साधे दोन प्रश्न विचारले आणि ओळखलं. ती आज कळवणार होती."

व्हिटफर्डनं बेड्या काढल्या. मीही बाकावरून उठले. माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. इतके दिवस या माणसाच्या शब्दावर आम्ही मार्नीला सांभाळत होतो!

"बेड्या खिशात ठेव," सार्जंट गालावरचं रक्त पुसत म्हणाल्या. "खोटारडा आहे, त्याचं काय ते होईल. पण नोरीनला यानं मारलं नाही. याला मारताच येत नाही."

५

ग्लेंडा आली ती अंबाडा सावरत. रीसकडे पाहून ती चुकचुकली. "काय हे पोरा," म्हणाली, आणि खिशातला रुमाल त्याला दिला. व्हिटफर्डनं त्याला भिंतीशी बसवलं.

"ग्लेंडा, इकडे या," सार्जंट गादीच्या मधोमध उभ्या होत्या. "मार्नी पेटली की तुम्ही तिला कसं शांत करता?"

"प्रेमानं, सार्जंट. दुसरं काय?"

"लेसिएलीचं प्रेम काय कमी आहे? तिला तर मार्नी चावते."

"अनुभव लागतो हो. हात लागतो तो."

"दाखवा," सार्जंट म्हणाल्या, आणि तिच्या पांढऱ्या अंबाड्यात हात घातला.

पुढचं इतकं झटकन झालं की मी ओरडलेही नाही. ग्लेंडा मागं हटली नाही, ओरडलीही नाही. सार्जंटचं मनगट तिनं अंगठा आत दाबून असं मुरडलं की हाड वाजलेलं मला ऐकू आलं. दुसरा हात धरला, दोन्ही पाठीमागं वळवले, पायानं पाय उडवला. सार्जंट तोंडावर आपटल्या. नाकातून भळकन रक्त आलं, निळ्या गादीवर पसरलं. ग्लेंडाचा गुडघा त्यांच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसला आणि तिनं आपलं सगळं वजन त्यावर टाकलं.

साठी उलटलेली बाई. श्वाससुद्धा चढला नव्हता.

"शांत हो," ती हळू आवाजात म्हणत होती. "शांत हो पोरी. झालं, झालं. शांत."

मूल झोपवताना आईचा असतो तसा चेहरा होता तिचा. सार्जंटचे पाय गादीवर आपटत होते. तोंड रक्तात रुतलेलं, गाल आधी लाल, मग जांभळा. व्हिटफर्ड जागचा हलला नाही. त्याचे डोळे सार्जंटच्या हातांवर होते. थापेची वाट बघत होता.

आणि मला कळलं. थापा मारायला हात कुठे होते? दोन्ही तर ग्लेंडाच्या मुठीत!

"ग्लेंडा!" मी ओरडले. तिला ऐकूच गेलं नाही. सार्जंटचे पाय संथ झाले.

मी धावले. मागून ग्लेंडाला कवेत घेऊन वर उचललं. तिचं कोपर माझ्या तोंडावर आदळलं, ओठ फाटला, एक दात हलला. तरी मी सोडलं नाही. तिची बोटं सार्जंटच्या मनगटांवरून एकेक करून निघेपर्यंत मी तिला ओढत राहिले. मग ती एकदम सैल पडली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"अग, ती शांत होतच होती," ग्लेंडा म्हणाली.

६

सार्जंट खोकल्या, ओकल्या, आणि खूप वेळ हाताच्या कोपरांवर तशाच ओणव्या राहिल्या. मग व्हिटफर्डला म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा डोकं वापर, बाळा." त्याला रडूच यायचं बाकी होतं.

त्यांनी दोन्ही मनगटं पुढं केली. आतल्या बाजूला अंगठ्याचा लालभडक ठसा उमटला होता, दोन्हीकडे सारखा.

"नोरीनच्या मनगटांवर हेच आहे," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. "पाठीत गुडघ्याची गोल खूण. डोळ्यांत रक्ताचे ठिपके. संतापलेला माणूस गळा धरतो, डोक्यात काहीतरी घालतो. हे तसं नव्हतं. हे कुणीतरी शिकवलेलं होतं, नीट, पद्धतशीर. मग मी एवढंच शोधत होते की असं शिकलंय कोण. लेसिएली कालपरवा शिकली, तिच्या शिक्षणात हे नाहीच. रीस तर शिकलाच नाही. राहिलं कोण? जी खूप आधी शिकली, जेव्हा हेच बरोबर समजत होते."

ग्लेंडा गादीवर मांडी घालून सुटलेले केस बांधत होती.

"मार्नीच्या मनगटावर तेच डाग आहेत," सार्जंट पुढं म्हणाल्या. "जुने, नवे, एकावर एक. नोरीननं ते ओळखले. मी तुमच्या अंगावर आले, म्हणून आत्ता झालं ते कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, ग्लेंडा. तुम्हाला वाटलं तर गप्प बसा."

"गप्प कशाला बसू?" ग्लेंडा म्हणाली. "मी काही चोरी केलेली नाही. सकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, तुम्हाला पास करता येणार नाही. आजपासून तुम्ही एकाही मुलाबरोबर एकट्या राहायचं नाही. माझ्या घरात! ही काल आलेली बाई मला सांगते की मुलांना हात कसा लावायचा! मी म्हटलं, चल, धुलाईखोलीत बोलू, इथं मार्नी घाबरेल. तिथं ती फोन काढायला लागली. मी फोन धरला, तशी तिनं आरडाओरडा सुरू केला. मार्नी शेजारच्याच खोलीत होती. आरडाओरडा झाला की तिला सोसत नाही. म्हणून मी नोरीनला शांत करायला गेले."

"ड्रायर?"

"आवाज झाकायला."

"किती वेळ दाबून धरलंत?"

ग्लेंडाला प्रश्नच कळला नाही असं तिच्या तोंडावर दिसलं. "शांत होईपर्यंत," ती म्हणाली. "तसंच असतं ते. शिकवायचेच तसं. शांत होईपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर मूल पुन्हा उठतं."

माझ्या ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं. मी विचारलं, "आणि मार्नीच्या हातात केस कशाला दिलेस?"

पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली.

"तिला कोण तुरुंगात टाकणार होतं, लेसी? तिला काय कळणार होतं? मी गेले असते तर हे घर बंद पडलं असतं. सगळ्याच मुलांची वाट लागली असती. एकीनं सोसलं असतं तर बाकीची..."

"तिला कान झाकता येत होते, एवढंच कळत होतं तिला," मी म्हणाले. "खडखडणाऱ्या ड्रायरपाशी, मेलेल्या माणसाशेजारी तू तिला बसवलंस. आणि वर म्हणालीस, हे काय करून बसलीस ग पोरी."

तिनं शेवटची पिन अंबाड्यात खोचली. व्हिटफर्डनं तिला उठवलं. तिला बेडी घालताना त्याला ती नीट लावता येईना, तेव्हा तिनंच त्याला मनगट नीट वळवून दिलं.

अंगणातल्या माणसांना सार्जंटनी रक्ताळलेल्या नाकानंच परत पाठवलं. मी मार्नीच्या खोलीत गेले. तिचं कपाळ फुटलं होतं. मी हात पुढं केला तशी ती माझ्यावर धावून आली, खांद्यावर चावली, लाथा मारल्या. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, हात उघडे ठेवून, आणि तिला हवं तेवढं मारू दिलं. दमल्यावर ती माझ्या पायांशी बसली. तेव्हा मी पहिल्यांदा तिचे डोळे नीट पाहिले. लाल नव्हते. रडून नुसते ओले झाले होते.

७

घर बंद पडलं नाही. नोरीनच्या जागी दुसरी बाई आली, तिनं आम्हाला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. रीसवर खटला झाला. मी परीक्षा पास झाले, आणि त्या दिवशी नोरीनच्या कबरीवर जाऊन बराच वेळ बसले.

ग्लेंडाला भेटायला मी शेवटी हिवाळ्यात गेले. ॲडलेडच्या तुरुंगात, काचेआड नाही, साध्या टेबलापाशी. तिचे केस आता कापलेले होते. ती वाळली होती, पण मला बघून हसली.

"मार्नी जेवते का?"

"जेवते. आता हसते पण."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. "माझा वकील म्हणतो, सांगा की तुम्हाला तसंच शिकवलं होतं. त्यानं शिक्षा कमी होईल. आणि खरंच तसं शिकवलं होतं, लेसी. एकोणीस वर्षांची होते मी. मोठा वॉर्ड, ओळीनं खाटा. रोज कुणी ना कुणी पेटायचं. मेट्रन म्हणायची, ग्लेंडाला बोलवा, तिचा हात चांगला आहे. मी शांत करायचे. मग पांघरूण घालायचं आणि चहाला जायचं."

"आणि मग?"

"मग काय? झोपायची ती. काही सकाळी उठायची नाहीत. डॉक्टर यायचे, बघायचे, म्हणायचे, झटका आला असेल. ह्या मुलांना येतातच झटके."

ती थांबली. हात टेबलावर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिली. बाजूच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसलं, तरी तिनं मान वर केली नाही.

"लेसी," ती म्हणाली, "रोझलीनला झटके येतच नव्हते."

"रोझलीन कोण?"

"आणि तो लाल केसांचा, पर्सी. त्यालाही नाही. आणि खिडकीजवळची, ती जुळ्यांपैकी मोठी..."

मी उठले. पहारेकरणीला खूण केली आणि सांगितलं, सार्जंट व्लाहोसना फोन लावा, आत्ता लावा. ती म्हणाली, भेटीची वेळ संपत आलीये. मी म्हटलं, संपू देऊ नका.

मागं ग्लेंडा बोलत होती. माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे. एकेक खाट आठवून ती नावं घेत होती.